उचंत खात्यातली पद्मिनी

नागपूर ते रामटेक हे अंतर सुमारे ५० किलोमीटरचे. कामठी ओलांडावी, कन्हानचा पूल पार करावा, मनसरला जबलपूरचा महामार्ग सोडून उजवीकडे वळावे, की रामटेकची टेकडी समोर येते. आमच्या प्रीमियर पद्मिनीला मात्र हा प्रवास पुरा करायला चार महिने लागले, आणि त्यांतला बहुतेक काळ ती नागपुरातच, घाट रोडजवळच्या एका गॅरेजात, डॅशबोर्ड उघडा टाकून उभी होती. प्रवासवर्णन लिहायचे तर त्या चार महिन्यांचेच लिहिले पाहिजे.

पद्मिनीचे आपल्या समाजाशी जे नाते आहे, ते नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया भारतीय भांडवलावर घालण्याचा ध्यास घेतला होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. ती पाहायला वालचंदशेठ राहिले नव्हते, १९५३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. १९७४ च्या सुमारास तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. इटलीत हा नमुना १९६० च्या दशकातच बंद पडला. आपल्याकडे मात्र तो विसावे शतक संपेपर्यंत निघत राहिला. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबण्याचे ते दिवस होते. हाती आलेली गाडी माणसे वीस-वीस वर्षे चालवीत, आणि सुटा भाग वेळेवर मिळाला नाही तर मिळेल त्या वस्तूने काम भागवीत.

आमची गाडी १९८९ सालची. ती घेण्याचे कारण हौस नव्हे. मातोश्रींचे वय ८४. त्यांचे गुडघे आजच्या खोलगट मोटारीत वाकत नाहीत; पद्मिनीची सलग, उंच, ताठ पाठीची बैठक त्यांना घरच्या दिवाणासारखी वाटते. रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांचे दर्शन एकदा, आणि तेही वाटेत भक्तामर ऐकत, एवढीच त्यांची इच्छा होती. गाडीचे इंजिन मी ऐकून घेतले होते, ते उत्तम होते. उरलेल्या गाडीविषयी माझा काही भ्रम नव्हता. नव्याकोऱ्या रंगाखाली काय असते, हे कर्जाच्या तारणाची पाहणी करण्यात नोकरी घालवलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी दिसल्या. रेडिएटर उघडताच आत पिवळा चिखल आढळला: गळती थांबवण्यासाठी कोणीतरी हळद ओतली होती. पेट्रोलच्या टाकीच्या सांध्यावर धुण्याच्या साबणाचा लेप वाळून दगड झाला होता. आणि पायाखालच्या गालिच्याच्या खाली गंजलेल्या तळावर डांबर फासून पत्र्याचा तुकडा चिकटवला होता. पहिल्या दोन उपायांना मी नावे ठेवणार नाही. चौरईच्या वा देवलापारच्या रस्त्यावर भर उन्हात रेडिएटर गळू लागला, तर मूठभर हळद माणसाला घरी पोहोचवते, आणि हा शोध लावणाऱ्या ड्रायव्हरचे कौतुकच केले पाहिजे. तळाचा पत्रा ही गोष्ट वेगळी. या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चौकट नसते. तळ, खांब आणि छप्पर मिळून होणारे पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. तिथे डांबर लावणे म्हणजे मोडलेल्या हाडावर मलम चोळणे.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हे सारे ‘उचंत’ खात्याचे प्रकरण आहे. रकमेचे खरे खाते लगेच सापडत नाही, तेव्हा ती उचंतात टाकतात. त्यात गैर काहीच नाही, पण ती नोंद ठरलेल्या मुदतीत काढून योग्य खात्यात गेली पाहिजे. ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली, की तपासनीस हातातला चहा खाली ठेवतो. आमच्या गाडीत अशा नोंदी वीस-पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या डॅशबोर्डमागे.

मनसरच्या टेकडीवरच्या उत्खननात जसे वाकाटककालीन अवशेष मातीखालून निघाले, तसे येथे थराखाली थर निघत गेले. तळाशी कॅसेट प्लेयरची जोडणी, तिच्यावर सीडीची, तिच्यावर पेनड्राइव्ह लावण्याच्या नव्या संचाची. जुना संच काढताना कोणीही जुनी वायर काढली नव्हती. टोक तोडून, साध्या चिकटपट्टीत गुंडाळून लोंबते ठेवले होते. गॅरेजातले मिस्त्री बॅटरी टॉर्चच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, कोन्ती वायर कुठं जाते, हे ज्यानं जोडली त्यालेच मालूम.” मग आम्ही दोघांनी मिळून एकेक वायर शोधायची ठरवले. माझ्याकडे मल्टिमीटर, वही आणि निवृत्त माणसाचा वेळ होता. त्यांच्याकडे ४० वर्षांचा हात होता.

वाहनाच्या विजेचा नियम जमा-नावेसारखाच आहे. बॅटरीतून निघालेला प्रवाह काम करून बॅटरीत परत आला पाहिजे. जाण्यासाठी वायर असते. येण्यासाठी गाडीचा पत्राच वापरतात, त्याला अर्थ म्हणतात. तळ गंजला, की परतीची वाट अरुंद होते. मग एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या वाटेने घुसतो. आमच्या गाडीत उजवीकडचा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा मिणमिणे, याचे कारण हेच. संचाची अर्थ वायर पत्र्यावरच्या रंगावर स्क्रूने आवळलेली होती, आणि रंग वीजवाहक नाही. शहरात पहिल्या फेरीला मातोश्रींनी भक्तामर लावायला सांगितले, तेव्हा इंजिनाचा वेग वाढेल तसा स्तोत्रामागे एक बारीक सूर वाढत गेला. अल्टरनेटरची ती कुरकुर अशा सदोष अर्थातूनच ध्वनीत शिरते. “स्तोत्र कोण म्हणतंय आणि कुंथतंय कोण?” असे त्यांनी मागच्या बैठकीवरून विचारले.

आजच्या संचाच्या वायरींना रंगाची ठरलेली भाषा असते. पिवळी वायर थेट बॅटरीची, स्मरणासाठी, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थाची, पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या, प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार. आधीच्या कारागिराने लाल-पिवळी एकत्र पिळली होती, म्हणून गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरे. काळ्या रेघेच्या चारही वायरी एकत्र करून त्याने पत्र्याला जोडल्या होत्या. जुन्या कॅसेट प्लेयरना ते चालत असे. नव्या संचात मात्र स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यांतली एक पत्र्याला टेकवली तर संच जळतो. हा कसा वाचला, ते तोच जाणे.

पण खरी धास्ती पुढेच होती. संचाची मुख्य वायर इंजिनाच्या बाजूने आत येताना पत्र्याच्या भोकातून येत होती, आणि त्या भोकाला रबराची कडी नव्हती. हादऱ्यांनी वायरीचे आवरण घासून तांबे दिसू लागले होते. त्याच बाजूने हातभर अंतरावर पेट्रोलची नळी. या वायरीवर फ्यूज नव्हताच. फ्यूजपेटीत पोर्सेलिनच्या दांडीवर धातूची पट्टी असलेले जुने फ्यूज होते, त्यांतल्या दोघांवर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला. तांबे पत्र्याला भिडले असते, तर बॅटरीतून एका क्षणात शेकडो अँपिअर वाहिले असते, आणि तोडायला मध्ये कोणी नव्हते. फ्यूज संचाला वाचवतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. तो वाचवतो वायरीला, आणि वायरीमुळे आत बसलेल्या माणसांना. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ, तितका बरा. त्या दिवशी मी बॅटरीचे टोक काढून ठेवले, आणि काम पूर्ण होईतो ते लावले नाही.

सामान जमवण्यासाठी मग नागपूर पायाखाली घातले. रिले आणि वायरी घाट रोडवर, हीट श्रिंक स्लीव्ह आणि सोल्डर सीताबर्डीच्या मोदी नंबरांच्या गल्ल्यांत, दरवाजाची एक मूठ कॉटन मार्केटजवळच्या शनिवारीत. एका दुकानात नामांकित कंपनीच्या डबीत घातलेला बनावट रिले मिळाला. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ नोंदवला आहे, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे. मोटारींचा जमाना यायच्या कितीतरी शतके आधी त्यांना या बाजाराची पुरती ओळख होती, असे वाटते.

तळाचा गंजका पत्रा कापून तिथे नवा वेल्ड केला. जुन्या वायरी मुळापासून उपटल्या. वजन केले तर पावणेतीन किलो भरले! पुढच्या दिव्यांची तपासणी केली तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट, तर दिव्यावर केवळ १०.३. दाब एवढा घटला की प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. दोन ६० वॅटचे दिवे मिळून १० अँपिअर ओढतात, आणि तो सगळा भार आजवर स्टीअरिंगखालच्या नाजूक बटणातून जात होता. रिले बसवताच तो थेट जाड वायरीने गेला. मुनिराज दिवसाउजेडी चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. रात्री मोटारीने धावणाऱ्या आम्हा गृहस्थांना निदान समोरची बैलगाडी तरी दिसावी.

माघातल्या एका सकाळी आम्ही निघालो. कन्हानच्या पुलावर धुके होते. भक्तामराची ४८ काव्ये मनसरच्या अलीकडेच संपली, कुंथणे ऐकू आले नाही, आणि मातोश्रींनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले. भोसल्यांच्या एका जैन कारभाऱ्याने रामटेकला जिनदर्शनावाचून अन्न घेण्याचे नाकारले आणि शोध घेता झाडीत शांतिनाथांची मूर्ती सापडली, ही परंपरागत कथा त्यांनी वाटेत नातवाला सांगितली. त्या उंच खड्गासन मूर्तीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. गुडघ्यांची तक्रार त्यांनी केली नाही. चौविहार असल्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी भोजन आटोपून परतलो. कामठीला अंधार पडला, तेव्हा दिवे लावले.

गाडीच्या पेटीत आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर प्रत्येक वायरीचा रंग, ती कुठून निघते, कुठे पोहोचते आणि तिचा फ्यूज किती अँपिअरचा, हे लिहिले आहे. शेवटच्या ओळीत एक हिरवी वायर आहे. ती डाव्या खांबातून वर जाते. तिचे दुसरे टोक अजून सापडलेले नाही. तिच्यात प्रवाह नाही हे तपासून, टोक बंद करून, पुढे तारीख घातली आहे.