कुलाब्याचे मैदान आणि माझ्या बंद्या

साजगावात दवाखाना सुरू करून मला सत्तावीस वर्षे झाली. या काळात मी चिठ्ठीवर जितकी औषधे लिहिली, जवळजवळ तितक्याच बंद्या ज्येष्ठांना तोंडी घातल्या. ‘जिना नको’, ‘शेतावर नको’, ‘एकट्याने बाहेर नको’. त्या बंद्यांचा फेरविचार मला गेल्या वर्षी कुलाब्यातील समुद्राकाठच्या एका गोल्फ मैदानावर करावा लागला.

खोपोलीत स्थायिक झालेले एक निवृत्त नौदल अधिकारी माझे रुग्ण आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. अँजिओप्लास्टीला वर्ष झाले होते आणि हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून त्यांना खेळण्याची परवानगीही दिली होती. तरी एके दिवशी त्यांच्या पत्नी दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, यांचे गोल्फ तुम्हीच बंद करा. माझे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील.”

मी ‘हो’ म्हणणारच होतो. पण वडिलांची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी ते शेताच्या बांधावरून घसरून पडले. हाड मोडले नव्हते, केवळ मुका मार होता. तरीही भीतीपोटी मी त्यांचे शेतावर जाणे थांबवले. ओटीवर खुर्ची मांडून दिली, पाण्याचा तांब्याही हातात दिला. दीड वर्षात त्यांना अंगणापर्यंत जायलाही माणूस लागू लागला. निरोगी ज्येष्ठांनी अवघे दहा दिवस अंथरुणावर काढले, तरी पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटतो, असे एका अमेरिकी अभ्यासात आढळले आहे. वडिलांचे तर मी दीड वर्ष घेतले होते.

माझी चलबिचल साहेबांच्या कानी गेली असावी. पुढच्या भेटीत ते म्हणाले, “डॉक्टर, एकदा बरोबर या. डोळ्यांनी पाहा, मग काय ते सांगा.” खारघरला सिडकोच्या मैदानावर मी थोडेफार गोल्फ शिकलो आहे. मी होकार दिला.

मुंबईत गोल्फ १८४२ पासून खेळले जाते. कुलाबा ही तेव्हा इंग्रजांची छावणी होती. १८५८ मध्ये उभे राहिलेले अफगाण चर्च आजही त्याची साक्ष देते. तेथून पुढे, नौदलाच्या वसाहतीजवळ, युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान अरबी समुद्राला लागून पसरले आहे. क्लब सैन्यदलांचा असल्यामुळे बाहेरच्याला मुक्त प्रवेश नाही. मी साहेबांचा पाहुणा म्हणून आत गेलो.

सकाळची वेळ होती. पण वारा जोराचा. मी सारी ताकद लावून चेंडू उंच मारला. वाऱ्याने तो उचलला आणि भलतीकडेच नेऊन टाकला. साहेबांनी मात्र आखूड फटका मारून चेंडू जमिनीलगत ठेवला. “वाऱ्याशी भांडायचे नाही, डॉक्टर. आता माझ्यात तेवढी ताकद नाही, म्हणून कमी चुकतो,” ते हसून म्हणाले.

पुढे मी खेळाकडे कमी आणि त्यांच्याकडे अधिक पाहिले. सुरुवातीला त्यांनी दहा मिनिटे खांदे, कंबर आणि पोटऱ्या मोकळ्या केल्या. बॅग कॅडीकडे होती. अठराऐवजी नऊच होल खेळायचे, हे घरून ठरवून आले होते. वाऱ्यात घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ते घोट घोट पाणी पीत होते. जिभेखाली ठेवायची गोळी वरच्या खिशात होती. छातीत दडपण आले किंवा चक्कर आली, तर खेळ तिथेच थांबवायचा, हे त्यांनी कॅडीलाही सांगून ठेवले होते. चेंडू उचलताना ते एका हाताने काठीचा आधार घेत, कमरेतून पुढे झुकत आणि एक पाय सरळ मागे नेत. पाठ वाचवणारी हीच युक्ती फिजिओथेरपिस्ट रुग्णांना शिकवतात. ज्यांचा तोल चांगला आहे, त्यांनी घरी भक्कम टेबलाच्या आधाराने ती शिकून घ्यावी.

नऊ होल संपले, तेव्हा दम मला लागला होता.

परतल्यावर मी त्यांच्या पत्नींना सांगितले, “वहिनी, खेळ बंद करत नाही. नऊ होल, सकाळची वेळ आणि कॅडी बरोबर, एवढ्या अटी मात्र राहतील.” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला भीती वाटते हो.” ती भीती खोटी नव्हती. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती असतेच. फक्त बंदी घातल्याने भीती आपली कमी होते आणि पाय त्यांचे दुबळे होतात. म्हणून आता नकार देण्यापूर्वी मी घरच्यांना एवढेच विचारतो, ‘हे करता यावे म्हणून काय सोय करता येईल?’ कधी उत्तर काठी असते, कधी कठडा, कधी सोबत. कधी खरोखरच नकार द्यावा लागतो. पण तो तपासणीनंतर.

माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. साजगावच्या बोंबल्या विठोबाची जत्रा कार्तिकी एकादशीपासून भरते आणि पंधरवडाभर सुक्या मासळीचा बाजार असतो. गर्दीच्या भयाने मी तिला दोन वर्षे जाऊ दिले नव्हते. गेल्या कार्तिकात एकादशीची गर्दी ओसरल्यावर एका सकाळी आम्ही निघालो. वाटेत बसायला घडीचे स्टूल घेतले होते. ती तीनदा बसली. दर्शन झाल्यावर बोंबलांच्या भावावरून तिने अशी घासाघीस केली, की विक्रेती हसू लागली.

आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि सुक्या मासळीत मीठ भरपूर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “भिजवून, दोनदा पाणी टाकून करीन. तूही जेवायला ये.”

मी गेलो. तिच्या पानात दोनच तुकडे होते.