स्टोव्ह आमच्याकडे होता

परवा भाचीकडे मुक्कामाला होते. सोळा वर्षांची ती. नुकतीच वाचलेली एक इंग्रजी थरारकथा तिने अंधारात पडल्या पडल्या मला सांगितली. मैत्रिणीचा मृत्यू सगळ्यांनी अपघात ठरवलेला. तिच्याच वयाचा नायक मात्र खोलीचं दार लावून संशयिताच्या फोनमध्ये शिरतो, पुसलेले मेसेज वर काढतो, त्या रात्री तो कुठल्या टॉवरखाली होता तेही शोधतो. ‘‘मावशी, तुमच्या वेळी असं कुणी असतं तर?’’ असं विचारून ती कूस बदलून झोपलीसुद्धा. मला रॉकेलचा वास यायला लागला.

आमच्या वेळी फास्टर फेणे होता. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, काडीपैलवान, सायकलवर स्वार, जाईल तिथे भानगडीत सापडणारा. बाबा सार्वजनिक वाचनालयातून त्याची पुस्तकं आणायचे. १८४० सालचं ते वाचनालय. पण माझ्या लेखी ते बन्यासाठीच उघडं असायचं. यंत्र-तंत्र काही नसलेला हा पोरगा मोठ्यांनी ‘तुला काय करायचंय’ म्हटल्यावर गप्प बसत नाही, एवढ्यावरच माझा त्याच्यावर जीव होता.

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत एक वहिनी राहायच्या. लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी त्या जळाल्या. स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला, असं संध्याकाळपर्यंत अख्खा वाडा बोलत होता. पंचनाम्यालाही तेच सांगितलं गेलं.

पण त्यांचा स्टोव्ह आमच्याकडे होता. आमच्या स्टोव्हचा वॉशर गेला म्हणून आईने सकाळीच चकल्यांसाठी मागून आणला होता. आणला होता मीच, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पितळेच्या टाकीवर वहिनींच्या माहेरचं नाव कोरलेलं होतं. ओसरीवर बायका जमल्या होत्या तेव्हा मी म्हणाले, ‘‘स्टोव्ह तर आमच्याकडे आहे.’’ आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला भाजणीचा आणि रॉकेलचा वास होता.

शाळेत नाशिकचा इतिहास म्हणून कोवळं वय आणि खून एकाच धड्यात यायचे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अठरा वर्षांच्या आसपासचा अनंत कान्हेरे. पुढच्या १९ एप्रिलला कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. बाई हे सांगताना गहिवरायच्या. मला मात्र त्या रात्रीच्या नाटकाचं नाव टोचत राहायचं. ‘शारदा’. पैशापायी थेरड्याशी लग्न लावलं जाणाऱ्या पोरीची गोष्ट. गोळ्यांचा आवाज सगळ्यांना ठाऊक, त्या पोरीबद्दल वर्गात कुणी अवाक्षर काढलं नाही.

पुढे मी कायदा शिकले. पुराव्याच्या कायद्यातलं ११८वं कलम वाचलं त्या दिवशी वर्गात बसवेना. साक्षीदाराला वयाची किमान अटच नाही. प्रश्न समजत असेल आणि सुसंगत उत्तर देता येत असेल, तर लहान मूलही साक्ष देऊ शकतं. हे १८७२ सालापासून लिहिलेलं होतं! ब्रिटिशांच्या कायद्याने मला बोलायची मुभा दिली होती. आमच्या वाड्याने दिली नाही. वाड्यावरचा हा राग मी आजही सोडलेला नाही, सोडणारही नाही. छळासाठीचं ४९८अ कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४ब १९८६ साली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सून जळून मेली आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, की सासरच्यांना जाब द्यावा लागू लागला. वहिनी त्याच्या आधी गेल्या.

भाचीच्या नायकाचं मला कौतुक आहे आणि त्याची काळजीही वाटते. परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं हा आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात पक्कं केलं. पितळेच्या स्टोव्हला असलं काही लागलं नसतं. तो आमच्या ओट्यावर होता, कुणीही येऊन बघावा.

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला. त्यातही एका मुलाच्या मृत्यूला सगळे आत्महत्या म्हणतात, आणि अमेय वाघचा बनेश ते मानत नाही. थिएटरमध्ये मला रडू आवरेना.

आईशी वहिनींच्या मृत्यूविषयी मी कधी बोलले नाही. तिच्यावर मात्र राग धरवत नाही. त्या दिवाळीनंतर तिने एक सुरू केलं. वाड्यात नवी सून आली, की आई तिच्याकडे अवेळी जायची. भर दुपारी वाटीभर साखर मागायला, रात्री जेवणं चालू असताना विरजण मागायला. आमच्या डब्यात साखर असायची, मला दिसायची. एका घरी सासूने दारातच सुनावलं, ‘‘तुम्हाला सारखं काय हवं असतं हो?’’ आई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्या सुनेच्या मनगटावरचा डाग तिला दिसला होता. तिने बाबांकडून पोस्टकार्ड मागून घेतलं आणि मुलीच्या माहेरी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, खाली आपलं पूर्ण नाव घालून. आठवड्यात तिचे वडील आणि भाऊ येऊन तिला घेऊन गेले.