भंडाऱ्याला येताय, तर पाण्याच्या वाटेनं फिरा

चि. लाडक्या भाचीस,



दिवाळीला उट्रेख्टहून मैत्रिणींना घेऊन येते आहेस हे वाचून फार आनंद झाला. भंडाऱ्यात दोन दिवसांत काय बघायचं, असं तू विचारलंस. आणखी पुष्कळ मुलं-मुली बाहेरगावाहून, परदेशातून पाहुणे घेऊन येतात आणि हेच विचारतात. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं असलं तरी सगळ्यांसाठी लिहिते आहे.

तुझ्या मैत्रिणींनी नकाशावर नागझिरा हेरून ठेवला आहे. तो बघाच. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिऱ्याचा बहुतेक भाग तिकडे गेला, पण पिटेझरीचं प्रवेशद्वार आपल्या साकोली तालुक्यातच आहे. कोका अभयारण्य तर भंडारा शहरापासून अगदी जवळ. माझी तक्रार एवढीच की लोक नागपूरहून गाडी काढतात, जंगलाच्या फाटकाशी उतरतात, वाघ दिसला की परत फिरतात. मधला सगळा जिल्हा गाडीच्या काचेतून निघून जातो. तुम्ही तसं करू नका. दोनाचे चार दिवस करा, आणि पहिला दिवस जंगलाला न देता तलावाला द्या.

आपला जिल्हा तलावांचा, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. पण हे तलाव माणसांनी बांधलेले आहेत, हे बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ते बांधले. उताराची जमीन हेरायची, आडवी मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या बांध्यांना पुरवायचं. वरचा तलाव भरला की त्याचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात उतरतं. पाटबंधारे खातं जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हे चाललं होतं. सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले.

तुझ्या डच मैत्रिणींना हे चटकन समजेल. त्यांच्याकडे तेराव्या शतकापासून पाणी सांभाळणारी मंडळं आहेत, बांधाची देखरेख गावानं मिळून करायची असते हे त्यांच्या रक्तात आहे. ते पाणी बाहेर काढतात, आपण धरून ठेवतो, पण पाळ फुटली तर काय होतं हे दोघांनाही ठाऊक आहे.

साकोलीजवळ शिवनीबांधला जा. सकाळी ऊन चढायच्या आत पाळीवर चढायचं आणि टोकापर्यंत चालत जायचं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला पाळीपेक्षा खोल उतरलेल्या धानाच्या बांध्या. मध्ये कुठंतरी तुडुम दिसेल, तिथं थांबा. पाणी तिथूनच खाली सुटतं. ते कधी सोडायचं, कुणाच्या बांधीला आधी द्यायचं, यावर गावात पिढ्यान् पिढ्या बैठका झाल्या आहेत आणि भांडणंही. पाण्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचे डोंगे आणि जाळी दिसतील. कुठली मासोळी गाळात राहते, कुठली गवतात अंडी घालते, हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. फोटो काढायच्या आधी त्यांच्याशी दोन शब्द बोला. काही तलावांच्या काठाला बेशरमाच्या झुडपांचं रान माजलेलं आणि आत गाळ साचलेला दिसेल. तेही मैत्रिणींना दाखव, चांगलंच तेवढं दाखवू नकोस. तलाव जपायचा म्हणजे पाळ, गाळ, मासोळी आणि पाणवनस्पती सगळंच जपायचं, आणि ते गावानं हातात घेतल्याशिवाय होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दिवस पवनीचा. भंडाऱ्याहून निघालात की तासाभरात पोचाल. एका अंगाला वैनगंगा, बाकी अंगांनी मातीचा जुना तट आणि खंदक, आत गाव. लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. घाटांवर उतरा, देवळं बघा, पण त्याआधी जगन्नाथ टेकडीवर जा. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. टेकडीच्या पोटातून निघाला बौद्ध स्तूप, दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या कठड्याचे कोरीव दगडी खांब मिळाले. त्यातल्या एकावर रिकामं आसन आहे, आणि आसनावर फणा धरलेला नागराज मुचलिंद. बुद्ध वादळपावसात ध्यानाला बसले असताना मुचलिंदानं त्यांच्यावर फणा धरला, ती ही कथा. शिल्पात बुद्धांची मूर्ती नाही, कारण त्या काळी त्यांना माणसाच्या रूपात कोरत नसत. आसन रिकामं ठेवलं की बघणारा समजून घेई. तो खांब आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जाताना दिल्लीवरून जाणार असाल तर तिथं जाऊन या, आणि मैत्रिणींना सांग की हा आपल्या पवनीचा.

पवनीत उभी असताना आणखी एक गोष्ट सांग. 1954 साली बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडारा मतदारसंघातून लढवली होती. ते हरले. दोनच वर्षांनी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या मातीत बुद्ध किती खोल होते, हे टेकडी खोदल्यावर पुढं कळलं.

पवनीपासून जवळच गोसेखुर्दचं धरण. 1988 मध्ये पायाभरणी झाली, आणि अजूनही कालव्यांची, पुनर्वसनाची बोलणी संपलेली नाहीत. धरणाच्या भिंतीवरून पाणी बघताना डोळे निवतात, पण त्या पाण्याखाली लोकांची घरं, शेतं, देवळं गेली आहेत, हे विसरू नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आमच्या वैनगंगेत उतरतं, म्हणून त्या फुगवट्यात कुणी पाय सोडून बसू नका. मला हे लिहिताना वाईट वाटतं. पण जी नदी दाखवायची ती आहे तशी दाखवली पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. आंबागड चढायला सोपा आहे, तुमसरच्या बाजूला गेलात तर बघा. डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजची मोठी उघडी खाण आहे, पण परवानगीशिवाय आत जाता येत नाही. त्यापेक्षा मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला जा, तिथं कोशाचं कापड विणतात. ऐनाच्या झाडावर किडे पोसून कोसा काढतात, तेही बरेचसे ढिवरच. विणकराकडे करवती काठाचं काम चालू असेल तर मुकाट्यानं बसून बघा. करवतीच्या दात्यांसारखा काठ साडीच्या अंगात गुंतत जातो, त्यासाठी दोन काठांना आणि अंगाला निराळे धोटे लागतात. हातमागावर एक बोटभर कापड व्हायला किती वेळ जातो हे बघितलं की भाव करावासा वाटत नाही. करूही नका.

भंडारा शहरात पितळेचं काम उरलं आहे तेवढं बघून घ्या. स्टीलची भांडी आली आणि घरोघरचे गुंड, घंगाळं मोडीत गेली. एखादा गुंड विकत घ्या. जड असतो, पण आयुष्यभर टिकतो.

आता खाणं. नवा तांदूळ नुकताच येत असेल. चिन्नोर मिळाला तर साधा भात आणि वरण करायला सांगा, त्याच्या वासासाठी दुसरं काही लागत नाही. लाखोरीच्या डाळीचे वडे एकदा तरी खा. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोरी शिंपडतात, आणि नांगरट न करता हाती लागणारं ते गरिबाचं दुसरं पीक. रोज तीच खाल्ली तर पायांना लकवा होऊ शकतो, म्हणून तिच्या विक्रीवर बरीच वर्षं बंदी होती. डाळ भिजवून, ते पाणी ओतून देऊन केलेल्या चार वड्यांनी काही होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मंडई. भाऊबीजेपासून पुढं गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, कुणाच्या घरी पाहुणा नाही असं होत नाही. दिवसा दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं. रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं, नाटक, जेवणं उरकल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं. वडसा हे त्याचं मोठं ठाणं, तिथल्या मंडळ्या सगळ्या पट्ट्यात फिरतात. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मैत्रिणींना मराठी येत नाही म्हणून नाटक टाळू नकोस. सतरंजीवर बसा, अंगाला शाल घ्या, शेजारची आजी कथा सांगेल. तिची बोली तुला जरा वेगळी वाटेल, ती झाडीबोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा अभ्यास करून तिला मान मिळवून दिला. आजीशी तिच्याच भाषेत बोलायचा प्रयत्न कर, तुझे बाबा लहानपणी तीच बोलत.

येण्याच्या सोयीचं सांगते. ‘भंडारा रोड’ स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे. तिथं उतरून रिक्षा करा किंवा मला कळव, घ्यायला गाडी पाठवते. पिटेझरीच्या सफारीचं आरक्षण आधी करून ठेवा. आणि विमानाचं तिकीट नक्की करण्याआधी मला मंडईच्या तारखा विचार. प्रत्येक गावाची निराळी असते, आणि आपल्या गावची चुकली तर वर्षभर थांबावं लागेल.

तुझी,
आत्या