गाडीची टकटक

मुकें यंत्र परवडलें, पण अर्धवट बोलणारें यंत्र माणसाची परीक्षा पाहतें. मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या घरघरीऐवजीं बॉनेटखालून नुसती ‘टक्-टक्-टक्’ ऐकूं यावी, कीं घरांतील प्रत्येक मनुष्य एकाएकीं तज्ज्ञ होतो. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो स्टार्टर गेला, तिसऱ्याच्या मतें गाडीच गेली. तो आवाज काय सांगतो आहे हें आधीं ऐकून घ्यावें, असें सहसा कोणाला वाटत नाहीं.

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं हा प्रसंग आला, तेव्हां त्या आवाजावर बरेंच अवलंबून होतें. नाना, म्हणजे माझे वडील, ८२ वर्षांचे. गाडी चालवणें त्यांनीं तीन वर्षांपूर्वीं आपण होऊन सोडलें. परंतु दर गुरुवारीं माझ्या पुतणीनें त्यांना तींतून पर्वतीच्या पायथ्याशीं न्यावें, तेथें जुन्या स्नेह्याकडे त्यांनीं तासभर बसावें, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशीं संबंध उरला आहे. पावसामुळें गाडी तीन आठवडे उभी राहिली, आणि मग ही टकटक! थोरल्या बंधूंनीं लागलीच हिशेब मांडला : १४ वर्षांची गाडी, विम्याचा हप्ता, आतां नवी बॅटरी, त्यापेक्षां विकून टाकूं, नानांना रिक्षा आहेच. बोलण्यांत व्यवहार होता, नाहीं असें नाहीं. पण नानांना रिक्षेंत चढतां-उतरतां किती त्रास होतो, हें त्या हिशेबांत आलें नव्हतें.

नाना झोपाळ्यावरून ऐकत होते. ते एवढेंच म्हणाले, “पुन्हां एकदां किल्ली फिरवा पाहूं.” फिरवली. “एक जाड ठोका नाहीं, भरभर टकटक आहे. स्टार्टरला पुरती वीज पोंचत नाहीं. कां पोंचत नाहीं तें पाहा. विकायचें मागाहून ठरवा.”

ज्या माणसानें हँडल मारून ॲम्बॅसडर सुरू केली आहे, त्याचा कान असा तयार होतो. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत आला. त्यापूर्वीं हें हँडल हाच मुख्य उपाय होता, आणि तें उलटें फिरलें तर मनगट मोडे. आतां किल्ली फिरवली कीं प्रथम थोडीशी वीज सॉलेनॉइड नांवाच्या विद्युच्चुंबकांत जाते. तो दांडा ओढतो, तांब्याचे जाड संपर्क जुळतात, आणि मग शंभर-दोनशें अँपिअरचा लोंढा स्टार्टरकडे निघतो. या मागणीनें विजेचा दाब कोसळला तर चुंबकाची पकड सुटते. पकड सुटली कीं भार जाऊन दाब पुन्हां वर येतो, आणि चुंबक पुन्हां ओढूं लागतो. ही ओढाताण म्हणजेच ती टकटक. उलट एकच ठोका येऊन दिवे तेजस्वी राहिले, तर दोष बहुधा सॉलेनॉइडच्या झिजलेल्या संपर्कांत किंवा खुद्द स्टार्टरमध्यें असतो.

पुतणी तंत्रनिकेतनांत शिकते. तिनें पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावयास सांगितली. दिवे पिवळे पडून विझूं लागले. “झालें! बॅटरीच,” बंधू म्हणाले. पण बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मीटर टेकवला तों १२.५ व्होल्ट! भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ च्या आसपास असतो. “मीटर बिघडला असेल,” बंधू म्हणाले. (अनुभवी माणसाला मत बदलण्यापेक्षां मीटर बदलणें नेहमींच सोपें वाटतें.) तेव्हां तिनें एक टोंक धन खुंटावर आणि दुसरें त्याच खुंटाला आवळलेल्या टर्मिनलवर ठेवलें, व मला किल्ली फिरवावयास सांगितलें. धातूला धातु नीट भिडला असता तर आंकडा शून्याजवळ राहता. तो नाचत नाचत चार-पांच व्होल्टांपर्यंत चढला.

चोर सांपडला. एका ओहमचा विसावा भाग एवढा अडथळा म्हणजे कांहींच नव्हे. हॉर्न त्यांतूनहि खुशाल वाजतो. पण १०० अँपिअर त्यांतून नेऊं म्हटलें कीं ५ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात.

तिनें हातांतल्या बांगड्या काढल्या, दहा नंबरचा पाना घेतला आणि आधीं ऋण टर्मिनल सोडवलें, मग धन. पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडूं नये म्हणून हा क्रम. टर्मिनलच्या पोटांत हिरवट-पांढरी पूड साचली होती. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानें ती फसफसून गेली. मग पॉलिश पेपरनें खुंट आणि टर्मिनल चकचकीत होईपर्यंत घांसले, कोरडे केले, धन आधीं व ऋण शेवटीं आवळलें, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. खर्च काय तो सोड्याचा.

किल्ली फिरवतांच इंजिन पहिल्या फेऱ्यांतच लागलें. बंधू कांहीं न बोलतां वर्तमानपत्राकडे वळले. नानांनीं झोपाळा थांबवला आणि पुतणीला विचारलें, “परवां गुरुवार ना? चार वाजतां मोकळी आहेस का ग?”