भूमाता आणि बाईमाणूस : अमेरिकन प्रेअरी-कादंबरीतील आद्य वसाहतकार स्त्री

एखाद्या व्यक्तिरेखेला 'आदिमाता' म्हटले की तिच्याविषयी बरेच काही सांगून झाले, असा भास निर्माण होतो. आदिबंधात्मक समीक्षेचे बळ या नामकरणात आहे आणि तिचा धोकाही तेथेच आहे. युंगची सामूहिक नेणिवेची कल्पना आणि नॉर्थ्रप फ्रायचा 'अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) हा ग्रंथ यांच्या आधाराने साहित्यकृतीतील प्राचीन आकृतिबंध शोधता येतात, हे खरे. परंतु तो आकृतिबंध नेमका कोणाच्या दृष्टीत आहे, हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरितच राहतो. अमेरिकेतील माळरानावर प्रथम नांगर धरणाऱ्या स्त्रियांच्या कादंबऱ्या वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळू लागली. अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही स्वतःच्या नावे अर्ज करता येत असे. म्हणजे पुराणकथेच्या आधी या स्त्रीचे जमिनीशी नाते कायद्याचे आणि कष्टाचे होते. अमेरिकन वाङ्मयीन कल्पनाविश्वात मात्र नायक होता तो भूतकाळ टाकून आलेला एकाकी पुरुष. आर. डब्ल्यू. बी. लुईस यांनी १९५५ मध्ये त्याला 'अमेरिकन अ‍ॅडम' म्हटले. या पुरुषाने भूमीलाच स्त्री कल्पिले, असे अ‍ॅनेट कोलोडनी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. भूमी हीच स्त्री असेल, तर नांगर घेऊन तिच्यावर उतरलेल्या स्त्रीने कोण व्हावे?

विला कॅथरच्या 'ओ पायोनियर्स!' (१९१३) या कादंबरीतील अलेक्झांड्रा बर्गसन हे या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर होय. मरणासन्न बाप मुलांऐवजी तिच्यावर शेताचा भार सोपवतो. अवर्षणाच्या वर्षांत भाऊ जमीन विकायला निघतात, तेव्हा ती आणखी जमीन घेते. समीक्षकांना तिच्यात धान्यदेवता दिसली, हे स्वाभाविकच आहे. परंतु ती लग्न करील अशी शंका येताच कुटुंबाची मालमत्ता पुरुषांचीच असते, असे भाऊ तिला बजावतात. पुराणातील भूदेवीला असा दावा सहन करावा लागत नाही. शिवाय अलेक्झांड्राला मुलीपणापासून एक भास होत असतो : कोणी बलदंड पुरुष तिला गव्हाच्या पेंढीसारखी उचलून शेतांवरून नेत आहे. ज्या स्त्रीत इतरांना सर्वांचा भार वाहणारी धरित्री दिसते, तिला स्वतःला मात्र कोणीतरी वाहून न्यावे असे वाटते. देवतारूपाखालचा हा शिणवटा कॅथरने झाकला नाही.

'माय अँटोनिया' (१९१८) मध्ये हा ताण अधिक सूक्ष्म आहे. बोहेमियातून आलेल्या अँटोनियाची कथा सांगतो तो जिम बर्डन. तो आता एका रेल्वे कंपनीचा वकील आहे, निपुत्रिक आहे आणि दूर न्यूयॉर्कमध्ये राहतो. हस्तलिखितावर 'अँटोनिया' हे नाव लिहून मग तो त्यामागे 'माझी' हा शब्द जोडतो. वीस वर्षांनी तो तिला भेटतो, तेव्हा तिचे बरेच दात पडलेले आहेत, देह थकला आहे; त्याला मात्र तिच्यात मानववंशाच्या उगमाशी उभी असलेली माता दिसते. फळांच्या तळघरातून तिची मुले उन्हात उसळून बाहेर येतात, त्या प्रसंगी डेमेटर आणि पाताळातून परतणारी पर्सेफनी अभ्यासकाला आठवतेच.

पण या कुटुंबाचा नेब्रास्कातील पहिला हिवाळाही आठवला पाहिजे. तेव्हा घरात सडके बटाटे होते आणि त्याच हिवाळ्यात बापाने स्वतःला संपवले. त्यानंतर अँटोनिया नांगर धरते. आपण पुरुषासारखे राबतो म्हणून मिरवते आणि शाळेचा विषय निघताच तोंड फिरवून रडते. भरलेले तळघर हे जिमला प्रतीक वाटते. अँटोनियाच्या लेखी ते त्या हिवाळ्याला दिलेले उत्तर आहे. आदिमातेची गरज जिमला आहे. अँटोनियाची गरज मुलांची पोटे भरण्याची आहे.

ओले रॉलवागच्या 'जायंट्स इन द अर्थ'मध्ये (मूळ नॉर्वेजियन १९२४-२५, इंग्रजी १९२७) बेरेट या गोष्टीची दुसरी बाजू दाखवते. तिचा पती पेर हान्सा याला डाकोटाचे माळरान परीकथेतील राज्यासारखे भासते. बेरेटला तेथे लपण्यापुरताही आडोसा दिसत नाही. टोळधाड येते तेव्हा ती नॉर्वेतून आणलेल्या वडिलोपार्जित पेटाऱ्यात मुलांसह दडून बसते. तळघर आणि पेटारा ही एकाच महामातेची सृजक व संहारक रूपे आहेत, असे म्हणता येईल. परंतु बेरेट संहारक नाही. ती मुळापासून उपटलेली, भयाने खचलेली बाई आहे. तिला 'भयंकर माता' म्हणणे म्हणजे तिच्या दुःखाला दुसऱ्यांदा पेटाऱ्यात कोंडणे होय.

शिवाय 'आद्य' स्त्रीची कल्पना रिकाम्या भूमीवर उभी आहे आणि ही भूमी रिकामी नव्हती. पॉनी लोकांना १८७० च्या दशकात नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. कॅथरचे कुटुंब नेब्रास्कात आले ते १८८३ मध्ये. 'माय अँटोनिया'त गवतावर एक पुसट वर्तुळ दिसते. इंडियन लोक तेथे घोडे फिरवीत, असे सांगितले जाते. तेवढी खूण ठेवून कादंबरी पुढे सरकते. त्या भूमीच्या आधीच्या लेकींना मातृरूप देणारा जिम कोणी नाही.

मराठी वाचकाला नांगराच्या तासातून निघालेली सीता ठाऊक आहे, 'काळी आई' हा शब्द त्याच्या तोंडी आहे. म्हणून या स्त्रिया त्याला चटकन ओळखीच्या वाटतात. ही ओळख खोटी नव्हे. पण ती वाचनाचा शेवट ठरू नये. आदिबंध ओळखल्यावर तो कोणी, कोठून आणि कोणत्या गरजेपोटी पाहिला, हे विचारले पाहिजे. तसे विचारले म्हणजे मातृदेवतेच्या मूर्तीमागे दात पडलेली, शाळा सुटल्याचे शल्य बाळगणारी एक बाई दिसू लागते. आणि तळघरातल्या बरण्या तिने स्वतः भरलेल्या आहेत, हे ध्यानात येते.