त्सेरेन्सडॉर्फच्या रानातली नावं

ब्रांडेनबुर्गची जमीन रेताड आहे. तिच्यावर पाइनची झाडं सरळसोट वाढतात आणि पाऊस पडून गेला तरी पायाखाली फारसा चिखल होत नाही. बर्लिनच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, व्ह्यून्सडॉर्फ गावाबाहेरच्या अशाच एका रानात हिंदुस्थानातल्या २०६ माणसांची दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात हे लोक ब्रिटिशांच्या हिंदी फौजेबरोबर युरोपात आले, बहुतेक जण फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत पकडले गेले आणि जर्मन कैदेत वारले. त्या जागेला त्सेरेन्सडॉर्फ म्हणतात. त्या नावाचं गाव आता नाही. लष्करानं सरावाच्या मैदानासाठी ते उठवलं. गावाचं नाव तेवढं या कबरींनी सांभाळलं आहे.

मी गेले तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता. रस्ता सोडून रानात शिरू नका, जमिनीत जुना दारूगोळा आहे, अशा अर्थाच्या पाट्या वाटेत दिसत होत्या. मग झाडं एकदम मागे सरली आणि कापलेल्या हिरवळीचा एक मोकळा चौक आला. पांढरे दगड, सगळे एका उंचीचे. सुभेदार असो की शिपाई, की फौजेबरोबर आलेला स्वयंपाकी, दगड सारखाच. कुणाच्या दगडावर अरबी अक्षरं, कुणाच्या दगडावर गुरुमुखी. आणि काही दगडांवर देवनागरीतला ॐ. इतक्या दूर, ज्या रानात माणसाचा आवाजसुद्धा नाही तिथे, आपली अक्षरं दगडात कोरलेली पाहिली आणि मी कितीतरी वेळ जागची हलले नाही. नावं पंजाबातली, गढवालची, नेपाळच्या डोंगरातली, सरहद्दीवरच्या पठाणांची. मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. ऐकायला कुणीच नव्हतं, पण मनातल्या मनात वाचणं मला पुरेसं वाटेना.

ही माणसं ज्या छावणीत होती तिचं नाव हाल्बमोंडलागर, म्हणजे चंद्रकोरीची छावणी. जर्मनीचा दोस्त असलेल्या तुर्कस्तानच्या सुलतानानं नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारला होता. शत्रूच्या फौजेतले मुसलमान आणि हिंदी सैनिक आपल्या बाजूला वळवता येतील असा जर्मन परराष्ट्र खात्याचा हिशेब होता. म्हणून व्ह्यून्सडॉर्फच्या छावणीत त्यांना वेगळं ठेवलं, प्रार्थनेची आणि खाण्यापिण्याची सोय केली. १९१५ च्या जुलैत तिथे लाकडी मशीद उभी राहिली. जर्मनीच्या भूमीवर नमाजासाठी बांधलेली ती पहिली मशीद. कैद्यांसाठी ‘हिंदोस्तान’ नावाचं वर्तमानपत्र निघे, हिंदीत आणि उर्दूत. इंग्रजी सत्तेविरुद्ध जर्मनीतून काम करणाऱ्या बर्लिन कमिटीतले वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि इतर हिंदी क्रांतिकारक त्यांच्याशी बोलायला येत, आता इंग्रजांविरुद्ध उभे राहा म्हणत. त्या क्रांतिकारकांच्या तळमळीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही छावणीचे फोटो पाहताना एक गोष्ट मला छळते. इंग्रजांना या माणसांचं इमान हवं होतं, जर्मनांना त्यांचं बंड हवं होतं, देशभक्तांना त्यांची क्रांती. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे त्यांना कोण विचारत होतं?

थंडीनं आणि क्षयानं ती माणसं खचत गेली. हवा मानवत नाही म्हणून १९१७ मध्ये बऱ्याच कैद्यांना रुमानियात हलवलं. ज्यांना हलवायला उशीर झाला होता ते इथे आहेत.

त्यांना काय हवं होतं त्याचं उत्तर एका विचित्र वाटेनं आपल्यापर्यंत पोचलं आहे. १९१५ ते १९१८ या काळात विल्हेल्म डोगेन यांच्या पुढाकारानं प्रशियन सरकारच्या एका आयोगानं कैद्यांच्या छावण्यांत जाऊन माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. जगातल्या भाषांचं संग्रहालय त्यांना करायचं होतं. कैद्याला भोंग्यापुढे उभं करायचे. त्याचं नाव, गाव, आईबापांचा मुलूख, धंदा हे सगळं छापील तक्त्यात भरायचे आणि मग तो बोलायचा किंवा गायचा. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ११ डिसेंबर १९१६ ला फिरोजपूर जिल्ह्यातल्या मल्लसिंग नावाच्या जवानाचा आवाज असाच घेतला गेला. फिलिप शेफनर या दिग्दर्शकानं २००७ मध्ये या तबकड्यांवर माहितीपट केला आणि तो आवाज पुन्हा लोकांच्या कानावर आला.

मल्लसिंग ‘मी’ म्हणत नाही. एक माणूस होता, असं तो गोष्टीसारखं सांगू लागतो. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो लढाईवर आला, जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला मायदेशी जायचं आहे, तिथलं खाणं पुन्हा मिळावं असं वाटतं आहे. आणखी इथेच राहावं लागलं तर तो मरेल. एवढंच. जेमतेम मिनिटभराचं बोलणं. त्यात साम्राज्य नाही, जिहाद नाही, क्रांतीही नाही. पंजाबी भाषेचा नमुना म्हणून जपलेल्या त्या तबकडीत एका माणसाची भूक आहे. ती ऐकल्यावर मला या माणसांना वीर म्हणवत नाही आणि भाडोत्रीही म्हणवत नाही. घरी निघालेली आणि वाटेतच राहिलेली माणसं, एवढंच मी त्यांना म्हणू शकते.

नंतरचं शतक या रानावर जड पावलांनी चाललं. मशीद मोडकळीला आली आणि पाडली गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलाचं मुख्यालय व्ह्यून्सडॉर्फच्या काँक्रीटच्या बंकरांत होतं. पुढे सोव्हिएत फौजेचं जर्मनीतलं मुख्यालय तिथेच बसलं आणि १९९४ पर्यंत राहिलं. इतकी वर्षं रणगाड्यांचा सराव चाललेल्या मुलखात ही दफनभूमी अडकून पडली होती. फौजा गेल्यावर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं ती पुन्हा उभी केली. २००५ मध्ये तिचं पुनःसमर्पण झालं. व्ह्यून्सडॉर्फ आता जुन्या पुस्तकांसाठी ओळखलं जातं. महाबळेश्वरजवळच्या भिलारसारखं तेही पुस्तकांचं गाव आहे.

त्या दोनशे सहा दगडांत मराठी नाव शोधायला मी गेले नव्हते, तरी डोळे शोधत होतेच, कारण आपल्याकडच्या पलटणीही या आघाडीवर होत्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्सच्या न्यव्ह शापेल गावात घराघरांतून लढल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. पण आपल्या मुलखाचं सगळ्यात मोठं दुःख दूरच्या वाळवंटात आहे. सहाव्या पूना डिव्हिजननं २९ एप्रिल १९१६ ला इराकमधल्या कुत इथे तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैद्यांना उन्हातान्हात चालवत नेलं आणि हजारो जण वाटेत आणि कैदेत मेले. त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी कुठल्या रानात पांढऱ्या दगडांची रांग नाही. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे पलटणीनुसार नुसते आकडे. युरोपबाहेर मेलेल्या अशा माणसांना बरोबरीची आठवण मिळाली नाही, हे समाधी आयोगानं २०२१ च्या अहवालात स्वतः कबूल केलं. युरोपात मेला त्याला नाव मिळालं, इराकात मेला त्याला आकडा. हा अन्याय होता आणि तो शंभर वर्षं जुना झाला म्हणून कमी होत नाही.

आकड्यांची सवय आपल्यालाही आहे. साताऱ्यात, रत्नागिरीत, कोकणातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर असतो. पोरं तिला टेकून बसतात, तिच्यावर नोटिसा चिकटवल्या जातात. नावं तिच्यावर नसतात. पण ती शोधता येतात. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या जवानांच्या नोंदवह्या आता संगणकावर आल्या आहेत आणि नातवंडं-पतवंडं आपला माणूस त्यांत शोधू लागली आहेत. समाधी आयोगाच्या यादीतही नावानं शोध घेता येतो.

बर्लिनला कामानं, शिक्षणानं गेलेल्या मराठी माणसांनी एक सुट्टी व्ह्यून्सडॉर्फसाठी काढावी. रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. तिथली नावं मोठ्यानं वाचावीत. आणि ज्यांच्या गावात ती पाटी आहे त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, पेन्शनचे कागद, पदकं, ट्रंकेच्या तळातली पत्रं काढून बघावीत, ग्रामसभेत विषय मांडावा. पाटीवरच्या आकड्याखाली त्या माणसांची नावं कोरून घ्या.