उसवलेल्या सुताची मुरड

पेनेलोपीची गोष्ट मी आईला पहिल्यांदा सांगितली, तेव्हा ती कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उसवत बसली होती. ब्लेडच्या टोकानं टाका उचलायचा, तोडायचा, कापड ताणून बघायचं, की पुढचा टाका. मी सांगत होते. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर गेला तो वीस वर्षं परतला नाही. इथाकातल्या त्याच्या वाड्यात 108 जण त्याच्या बायकोला मागणी घालून ठाण मांडून बसले. सासऱ्यासाठी कफन विणतेय, तेवढं होईपर्यंत थांबा, असं तिनं त्यांना सांगितलं. आणि दिवसभर विणलेलं ती रात्री मशालीच्या उजेडात उसवत राहिली. तीन वर्षं.

"आणि एकालाही कळलं नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

"पुरुषच असणार सगळे. उसवलेल्या सुताला मुरड राहते गं. घरातल्या बायकांना आठ दिवसांत कळलं असेल."

आईनं होमर वाचलेला नाही. पण चौथ्या वर्षी ते गुपित फुटलं, ते एका दासीमुळेच.

ग्रीक पुराणकथा नव्यानं सांगणाऱ्या पुस्तकांचा नाद मला मॅडलिन मिलरच्या 'सर्सी'पासून लागला. आपल्याला तो प्रकार नवा नाही. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' 1967 सालचं, आणि गांधारी-कुंतीला माणसांसारखं बघायची सवय आपल्यातल्या अनेकांना त्यानंच लावली. ग्रीकांकडे मी त्याच सवयीनं गेले. सगळीच पुस्तकं आवडली असं नाही. अलीकडच्या काहींमधल्या राण्या नि अप्सरा समुपदेशकासमोर बसल्यासारख्या बोलतात. मनातलं सगळं पूर्ण वाक्यांत, नीट क्रमानं. इतकं कळून सांगता येत असतं, तर कुणी कविता कशाला लिहिल्या असत्या?

मार्गारेट अ‍ॅटवूडचं 'पेनेलोपियड' (2005) मात्र मनात रुतून बसलं. ओडिसियस परत येऊन मागणीवाल्यांना मारतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर त्यांच्यापैकी काहींशी संबंध ठेवणाऱ्या बारा दासींना आधी ती प्रेतं बाहेर काढायला लावतात, रक्तानं भरलेली मेजं-खुर्च्या ओल्या स्पंजानं पुसायला लावतात, आणि मग ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस त्यांना जहाजाच्या दोराला लटकवतो. होमर त्यांना फासात अडकलेल्या पाखरांची उपमा देतो. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार नाही, असं सांगतो आणि पुढे निघून जातो. अ‍ॅटवूड त्या हलणाऱ्या पायांपाशी थांबली आणि तिनं त्या बारा जणींना गायला लावलं.

ते वाचून मीही वही काढली. माझ्या पहिल्या कवितेचं नाव अर्थातच 'पेनेलोपी'. तिच्यात चांदणं होतं, समुद्र होता, सुतावरून फिरणारी नाजूक बोटं होती. लिहिताना डोळे भरून आले. सकाळी वाचली, तर कॅलेंडरवरचं चित्र.

पुढे एमिली विल्सनचा 'ओडिसी'चा अनुवाद (2017) हाती आला. अख्खं 'ओडिसी' इंग्रजीत आणून छापणारी ती पहिली स्त्री. अनुवादाविषयीच्या टिपणात ती एका शब्दापाशी थांबली आहे. एकविसाव्या सर्गात पेनेलोपी हस्तिदंती मुठीची ब्राँझची किल्ली उचलते, तिथं होमर तिच्या हाताला 'जाड' म्हणतो. राणीचा हात जाड कसा, म्हणून बऱ्याच अनुवादकांनी त्या शब्दाला बगल दिली. विल्सनचं म्हणणं सरळ आहे. आयुष्यभर विणणाऱ्या बाईचा हात बळकटच असणार. तो मागही उभा. खाली मातीची वजनं लटकवून ताणा ताठ ठेवायचा, आणि विणणारीनं उभ्यानं बाणा वर ठोकत जायचं.

मी नाजूक बोटं खोडली. जाड हात मला घरातच दिसत होता. कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा, अंगुस्तान न वापरल्यामुळे सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं मधलं बोट.

बाबा बोटीवर होते. नऊ-दहा महिने बाहेर, मग दोन-तीन महिने घरी. आमच्याकडे कुणी वाट बघण्याबद्दल बोलत नसे. पण बाबा यायचे त्याच्या आदल्या दिवशी आईचं हातमशीन जागचं हलायचं. बोटीवरच्या माणसाच्या बायकोनं लोकांचे ब्लाउज शिवलेले त्यांना खपत नसे. गिऱ्हाइकांना निरोप जायचे. खिडकीतली जागा रिकामी व्हायची. बाबा आले याचा आनंद खराच होता; आई श्रीखंड करायची. अधूनमधून ती त्या खिडकीकडे बघायची, तेही खरं.

पेनेलोपीला एक स्वप्न पडतं. तिचे वीस हंस पाण्यातले गहू टिपताहेत, त्यांच्याकडे बघून तिला बरं वाटतंय. डोंगरावरून गरुड येतो आणि सगळ्यांच्या माना मोडतो. ती स्वप्नातच हंबरडा फोडते. गरुड परत येऊन सांगतो, मी तुझा नवरा, हंस म्हणजे ते मागणीवाले. स्वप्नाचा अर्थ स्वप्नातच मिळाला. पण मग ती हंसांसाठी रडली का, ते होमर सांगत नाही. लुईज ग्लिकनं 'मेडोलँड्स' (1996) मध्ये आजचा मोडता संसार ओडिसियस-पेनेलोपीच्या शेजारी ठेवला, तेव्हा तीही ते कोडं सोडवायला बसली नव्हती. मला ते हंस पुरले.

कविता पुन्हा लिहायला घेतली. खोडलेल्या ओळींतले शब्द फिरून वापरले की ते ओळखू येत होते. त्यांना जुन्या जागेची मुरड होती. 'चांदणं' तीनदा परत आलं, तीनदा काढलं. शेवटी समुद्र गेला, सूत गेलं, पेनेलोपीचं नावही गेलं. अकरा ओळी उरल्या, आणि त्यांत खाटेखाली सरकवलेलं एक हातमशीन.

आईला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली, चष्मा काढून पुसला.

"खाटेखाली नव्हतं गं," ती म्हणाली. "कपाटामागं होतं. वर चादर टाकलेली."

नववी ओळ मी त्याच दिवशी बदलली.